माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेटी : पावसाच्या आधी कुठे आणि कशा ठेवाव्यात?

रेवा_कर्वेनगर | २ जून, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. आमची कर्वेनगरची इमारत पुनर्विकासाला जाते आहे, त्यामुळे पुढची तीनेक वर्षं भाड्याच्या घरात. आईचं सामान आवरताना माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. बहुतेक मोठ्या व्हीएचएस, काही तळहातावर मावतील अशा छोट्या. ताईचं लग्न, दोन मुंजी, आजोबांची सहस्रचंद्रदर्शन शांत, एका वर्षीचा सोसायटीचा गणपती. निम्म्यांवर काहीच लिहिलेलं नाही. आजोबा बोलताना ऐकायचे असतील तर घरात दुसरीकडे कुठेच नाहीत, फक्त त्या शांतीच्या कॅसेटमध्ये आहेत. म्हणून हे 'जुनं सामान' म्हणून टेम्पोत ढकलायला मन होत नाही.

भाड्याचं घर तळमजल्यावर आहे आणि एका भिंतीला ओल आहे. कॅसेटी गोदरेजच्या कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवू का? भाऊ म्हणतो लोखंडाच्या कपाटात चुंबकत्व येऊन चित्र पुसलं जातं. खरं आहे का? आणि एका कॅसेटच्या खिडकीतून आत रिळाच्या कडेला पांढरं काहीतरी दिसतंय. शेजाऱ्यांकडे व्हीसीआर आहे, चालू आहे म्हणतात. लावून बघू का?

टेपदुरुस्ती | २ जून, सकाळी १०:३२

रेवाताई, ती पांढरं दिसणारी कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. शेजाऱ्यांच्या तर नकोच. सविस्तर रात्री लिहितो.

पेठकर | २ जून, सकाळी ११:०५

डांबरगोळ्या बाद. त्यांची वाफ प्लॅस्टिकला त्रास देते आणि वास जन्मभर जात नाही. आमच्याकडे एका ट्रंकेत पैठणी, डांबरगोळ्या आणि कॅसेटी एकत्र होत्या. पैठणी वाचली.

मिसळप्रेमी | २ जून, सकाळी ११:२०

ताईच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये पंगत किती वेळ आहे ते सांगा. आमच्या काकांच्या लग्नात मंगलाष्टकं चार मिनिटं आणि जिलबी खाणारी मंडळी अर्धा तास आहेत. प्रत्येकाच्या तोंडात घास असतानाच हॅलोजन अंगावर आलेला.

अपर्णा_ना_पेठ | २ जून, दुपारी १:४०

@मिसळप्रेमी, हसले खरी, पण त्या पंगतीसाठी त्या शूटिंगवाल्याचे पाय धरावेत. स्टेजवर सगळे ताठ उभे असतात. माणसं जशी होती तशी दिसतात ती पंगतीतच. यावर वेळ मिळाला की लिहिते.

टेपदुरुस्ती | २ जून, रात्री ९:५०

आता सविस्तर. माझं निम्मं आयुष्य बुधवार पेठेत व्हीसीआर उघडण्यात गेलं आहे, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

व्हीएचएसची टेप म्हणजे अर्धा इंच रुंद पॉलिएस्टरची पट्टी, जाडी जेमतेम २० मायक्रॉन. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटमध्ये ती सुमारे २५८ मीटर असते. पट्टीवर चुंबकीय कणांचा थर आणि ते कण धरून ठेवणारा चिकटा. चित्र कणांत असतं, पण कण जागेवर राहतात ते चिकट्याच्या जोरावर. आपल्याकडे कॅसेटी जातात त्या चुंबकाने नाही, ओलीने. हवेतली वाफ चिकट्यात मुरते, त्याचे बंध तुटायला लागतात, टेप चिकट होते आणि चालवली की तपकिरी राळ हेडवर, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागावर, बसते. दुसरा शत्रू बुरशी. आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा ८० टक्क्यांच्या पुढे असते. रेवाताईंना खिडकीतून दिसणारं पांढरं बहुधा हेच आहे.

ती कॅसेट मशीनमध्ये घातली तर तीन गोष्टी होतात. चिकटलेले वेढे सुटताना टेप फाटू शकते. बुरशी हेडवर आणि टेपला वाट दाखवणाऱ्या गाईडवर बसते. आणि पुढे त्या मशीनमध्ये जाणारी प्रत्येक चांगली कॅसेट ती घेऊन बाहेर येते. एका लग्नाच्या कॅसेटपायी अख्खं कपाट खराब झालेली घरं मी पाहिली आहेत. ती आजच वेगळी काढा, कागदात गुंडाळा, बाकीच्यांपासून लांब ठेवा. हाताळताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

लोखंडी कपाटाने चित्र पुसत नाही, भावाला निश्चिंत राहायला सांगा. मोठ्या स्पीकरला टेकवून ठेवू नका, हातभर अंतर असलं की पुरे. कपाटाची खरी अडचण वेगळी आहे. ते ओल्या भिंतीला लागून उभं असलं तर आत दमट हवा कोंडते.

माळा सगळ्यात वाईट. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला गेला की वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता माळ्यावर उतरते. लगेच जूनमध्ये दमट हवा. वर्षानुवर्षं असं तापणं आणि भिजणं टेपला सोसत नाही. घरातली सगळ्यात कंटाळवाणी जागा निवडा : आतली भिंत, मधली खोली, जमिनीपासून वर, उन्हापासून लांब.

आणि कॅसेटी आडव्या रचू नका. पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, म्हणजे रिळाचा भार आसावर राहतो. आडव्या ठेवल्या की वेढे एका बाजूला सरकतात आणि टेपची कड दुमडते. टेपच्या एका कडेला आवाजाचा आणि दुसऱ्या कडेला कंट्रोलचा, म्हणजे टेपची चाल जुळवणारा, ट्रॅक असतो. मग चित्र उड्या मारतं.

चिन्मय_बावधन | २ जून, रात्री १०:१८

काय प्रतिसाद आहे! वाचनखूण साठवली.

पेठकर | ३ जून, सकाळी ७:३०

काका, आणखी एक लिहाल का, रिवाइंड करून ठेवावी की तशीच?

टेपदुरुस्ती | ३ जून, सकाळी ८:०५

शेवटपर्यंत चालवून पूर्ण रिवाइंड करून ठेवावी, मध्येच थांबवून नाही. सलग गुंडाळली की ताण सगळीकडे सारखा राहतो. आणि मशीनमध्ये घालण्याआधी कॅसेटच्या पाठीवरची डावीकडची छोटी प्लॅस्टिकची पट्टी तोडा. ती असेल तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी मुंजीवर मालिका चढते. तिथे कोणी सेलोटेप लावली असेल तर तीही काढा. मुलांना पॉजवर खेळू देऊ नका, थांबलेल्या चित्रात हेड टेपच्या त्याच जागेवर घासत राहतं.

सिंहगडरोडवाली | ३ जून, दुपारी १२:१०

'जमिनीपासून वर' हे ठळक अक्षरांत लिहा. २५ जुलै २०२४ ला एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा माझ्या मावशीच्या तळमजल्यावरच्या घरात पलंग बुडाला. बेड-बॉक्समध्ये अल्बम आणि कॅसेटी होत्या. पाणी उतरल्यावर आम्ही आधी गाद्या उन्हात टाकल्या आणि कॅसेटीही गच्चीत उन्हात ठेवल्या. चिखल आतल्या आत वाळला आणि टेप एकमेकींना चिकटल्या. रेवाताई, तळमजला आहे म्हणता, तर बेड-बॉक्सचा विचारसुद्धा करू नका.

भिजलेल्या कॅसेटचं नेमकं काय करायचं असतं? मावशीनं दोन टाकल्या नाहीत, अजून ठेवल्या आहेत.

टेपदुरुस्ती | ३ जून, रात्री ९:१५

चिखलाचं पाणी गेलेली कॅसेट वाळू द्यायची नसते. आधी स्वच्छ पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळाळून काढायची आणि मग पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत सुकवायची. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, फ्रीजर तर अजिबात नाही. व्हीएचएसचं कवच पाच स्क्रूंवर असतं. ते उघडून दोन्ही रिळं बाहेर काढता येतात आणि चांगल्या रिकाम्या कॅसेटमध्ये बसवता येतात. अर्ध्या कॅसेटी तर कवच वाकलं, पुढची झडप मोडली किंवा आतली स्प्रिंग सुटली म्हणून 'खराब' ठरलेल्या असतात. टेप धडधाकट असते.

मावशींच्या कॅसेटी वाळून बराच काळ झाला आहे, तेव्हा जोर लावू नका. मला बघायला आवडतील. शब्द देत नाही, पण प्रयत्न करेन.

तंत्रज्ञ_निनाद | ३ जून, रात्री १०:४०

साठवणीबद्दल काकांनी लिहिलं त्याला पूर्ण अनुमोदन. माझा मुद्दा पुढचा. कपाट कितीही कोरडं ठेवलं तरी कॅसेट वाजवणारं यंत्रच संपत चाललं आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यानंतर जगात नवा व्हीसीआर बनलेला नाही. आहेत त्यांचे रबरी पट्टे सैल होताहेत, हेड झिजताहेत. म्हणून साठवण ही डिजिटल करेपर्यंतची सोय समजा आणि ते काम याच वर्षी हातात घ्या.

घरी करायचं तर चांगला व्हीसीआर, यूएसबी कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं) आणि संगणक एवढं पुरतं. व्हीसीआरला एस-व्हिडिओची (जास्त स्वच्छ चित्र देणारी) जोडणी असेल तर ती घ्या, नसेल तर पिवळी-पांढरी-लाल वायर. आपल्याकडच्या कॅसेटी पॅल या इथल्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या, त्यामुळे कॅप्चर ७२० बाय ५७६ वर ठेवा. मूळ प्रत शक्यतो लॉसलेस, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या पद्धतीने साठवा. तासाला तीसेक जीबी जागा जाते, पण हार्ड डिस्क आता पूर्वीसारख्या महाग नाहीत. नातेवाइकांना पाठवायला त्यावरून छोटी प्रत काढा. चित्र सेकंदाला ५० अर्धचित्रांचं असतं. छोटी प्रत काढताना सॉफ्टवेअर त्यातली निम्मी फेकून देतं आणि वरातीतलं नाचणं अडखळत दिसतं. सेटिंगमध्ये ५० फ्रेम ठेवा, फरक लगेच कळेल.

कार्ड अगदी स्वस्तातलं घेतलं तर चित्र थरथरलं की आवाज मागेपुढे होतो. त्यावर उपाय म्हणून टाइम बेस करेक्टर (चित्राची थरथर सावरणारा भाग) असलेला व्हीसीआर मिळाला तर सोनं. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी कधीकधी चांगली मशीन येतात, पण आधी एखादी टाकाऊ कॅसेट लावून तपासा.

बेएरियातला_पुणेकर | ४ जून, पहाटे ५:५५

माझ्या आईबाबांकडे आम्ही इथून, अमेरिकेतून पाठवलेल्या कॅसेटी आहेत, नातवाचे वाढदिवस वगैरे. त्या पुण्यात कधी नीट दिसल्याच नाहीत, काळंपांढरं लोळणारं चित्र यायचं. बाबा अजून म्हणतात कॅसेट खराब पाठवलीस.

तंत्रज्ञ_निनाद | ४ जून, सकाळी ९:०२

कॅसेट चांगली आहे. अमेरिकेतली एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची, आपली पॅल ६२५ रेषांची. पॅलचं मशीन ती नीट वाचत नाही. दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर शोधा आणि कॅप्चरमध्ये एनटीएससी निवडा. कॅसेटवर टी-१२० लिहिलेलं असेल तर ती बहुधा तिकडचीच. बाबांना हे वाचून दाखवा!

बेएरियातला_पुणेकर | ४ जून, सकाळी ९:२०

फोन केला. 'मग तेव्हाच का नाही सांगितलंस' म्हणाले.

एकसंध | ४ जून, दुपारी ३:३०

थोडं वेगळं मत मांडतो. एकदा डिजिटल केलं की कॅसेटी टाकून द्याव्यात. पुण्यातल्या घरात माणसांना जागा नाही. भाड्याच्या घरात ट्रंक सांभाळायची, ओल शोषणारी सिलिका बदलायची, पुन्हा नव्या घरात न्यायची, हे कोण करणार? आठवण चित्रात आहे, प्लॅस्टिकच्या डब्यात नाही.

मंजिरी_एस | ४ जून, सायंकाळी ६:१०

@एकसंध, जागेचा मुद्दा मान्य. पण टाकून देऊ नये असं मी पोटतिडकीने सांगते. आमच्या घरच्या सगळ्या कॅसेटी एका दुकानात देऊन डीव्हीडी करून घेतल्या. दुकानदाराने तीन तासांचं लग्न एकाच डीव्हीडीत दाबून बसवलं, चेहऱ्यांचे चौकोन झाले. दुकानाने मूळ कॅसेटींचं विचारलं तेव्हा सासऱ्यांनी 'आता कशाला' म्हणून सोडून दिल्या. आता त्या डीव्हीडीही अर्ध्यात अडकतात. आज चांगली प्रत काढायची म्हटलं तर मूळ कुठे आहे?

घरच्या व्हिडिओची मूळ प्रत जगात एकच असते. सिनेमाची प्रत कुठेतरी सापडते. आपल्या पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे माणसं तेच काम करतात. तुमच्या आजोबांच्या शांतीसाठी असं संग्रहालय म्हणजे तुम्हीच. किमान ज्यात गेलेली माणसं बोलताहेत त्या कॅसेटी तरी ठेवा. बाकीच्यांचं बघता येईल.

आणि डिजिटल प्रती तीन हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. एकाच हार्ड डिस्कवर सगळं असेल तर ते काम झालं असं मी म्हणणार नाही.

एकसंध | ४ जून, सायंकाळी ६:४५

दुकानात देऊन मूळ प्रत सोडणं चूकच. 'गेलेली माणसं बोलताहेत त्या ठेवा' हे पटलं. बाकीच्या बाबतीत मी माझ्या मतावर ठाम.

अपर्णा_ना_पेठ | ५ जून, रात्री ११:०५

वर म्हटलं होतं ते आज लिहिते.

डिजिटल झालं म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं करायला कॅसेट लागत नाही, जुनी माणसं लागतात, आणि ती टेपपेक्षा लवकर हातची जातात. आमच्याकडे आईच्या मंगळागौरीचं आणि मामाच्या लग्नाचं शूटिंग आहे. डिजिटल करून आणल्यावर मी मावशीला टीव्हीसमोर बसवलं, बाजूला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला लावला आणि म्हटलं, थांबत थांबत बघू, प्रत्येकाचं नाव सांग.

पंगतीत एक बाई दिसते. निळ्या काठाचं नऊवार, पदर खोचलेला, हातात पितळेचा तांब्या, वाकून पाणी वाढते आणि कॅमेरा आला की पाठ फिरवते. आम्ही सगळे समजायचो की ती कार्यालयाच्या आचाऱ्याकडची. मावशी पटकन म्हणाली, "अगं, या तर कमलाकाकू. वाड्यात आमच्या खालच्या बिऱ्हाडात होत्या. पानशेतला त्यांचं सगळं वाहून गेलं, तेव्हा आजीनं त्यांना दोन महिने वर ठेवून घेतलं होतं. म्हणून त्या आपल्या घरच्या प्रत्येक कार्यात पाणी वाढायच्या. कोणी नको म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत." १२ जुलै १९६१ चा पूर मला पुस्तकातून माहीत होता. आमच्या घरापर्यंत तो असा आला होता हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

वरातीत मागे आमचा वाडा दिसतो. दिंडी दरवाजा, ओटा, ओट्यावर सायकल. आता तिथे इमारत आहे. शूटिंगवाल्याने वाड्याचं शूटिंग केलेलं नाही, तो घोड्याच्या मागे धावत होता. तरी वाडा आला.

रेवाताई, आई आहेत ना तुमच्या? त्यांना बसवा. कॅसेट दुरुस्त होईपर्यंत थांबू नका, ज्या चांगल्या आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा.

सिंहगडरोडवाली | ५ जून, रात्री ११:४०

अपर्णाताई, काय लिहिलंत. उद्याच मावशीकडे जाते.

मिसळप्रेमी | ६ जून, सकाळी ८:१५

जिलबीवाला अर्धा तास आता नावं लिहून बघणार. काकू अजून सगळ्यांना ओळखते.

चिन्मय_बावधन | ६ जून, सकाळी १०:००

साठवणीत एक भर : फोटोग्राफर लोक कॅमेऱ्यासाठी वापरतात ते हवाबंद झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घ्या, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. काटा ४० टक्क्यांच्या आसपास ठेवतो मी. डबा आज कोरड्या हवेत भरा, पावसात भरला तर ओलच आत कोंडाल.

टेपदुरुस्ती | ६ जून, दुपारी १:२५

चिन्मयने नेमकं सांगितलं. पण कॅसेटी माळ्यावरून काढून लगेच डब्यात नको. चार-पाच दिवस कोरड्या, हवेशीर खोलीत उभ्या ठेवा. कव्हरं कागदी असतील तर वास घ्या, कोंदट असतील तर बदला, बुरशी बऱ्याचदा पुठ्ठ्यातूनच येते. एसीच्या खोलीतून दमट खोलीत नेली तर कॅसेट दोन तास तशीच राहू द्या. ड्रमवर (हेड बसवलेला फिरता भाग) दव धरलं की टेप त्याला चिकटून गुंडाळली जाते.

आणि कोणी घरी हेड साफ करणार असेल तर कानात घालायची कापसाची काडी वापरू नका, धागा हेडमध्ये अडकून ते तुटतं. शॅमॉय कातडं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून स्थिर धरायचं आणि ड्रम हाताने हळू फिरवायचा. वर-खाली कधीच घासायचं नाही.

रेवा_कर्वेनगर | १९ जून, रात्री ९:३०

सर्वांचे मनापासून आभार. पाऊस धरायच्या आत घर हलवलं. कॅसेटी टेम्पोत नव्हत्या, माझ्या मांडीवर रिक्षातून गेल्या. आता मधल्या खोलीत, आतल्या भिंतीच्या वरच्या कप्प्यात डब्यांत उभ्या आहेत, काटा ४३ दाखवतो. बुरशीची कॅसेट टेपदुरुस्तीकाकांकडे दिली. ती शांतीची नव्हती, गणपतीची निघाली. शांतीची स्वच्छ आहे, निनादने तिची प्रत काढून दिली. आईने पहिल्या वीस मिनिटांतच अकरा नावं सांगितली आणि दोन माणसांवरून मामाशी फोनवर वाद घातला. वादही रेकॉर्ड केला आहे.

भावाने मात्र कपाटातला लोहचुंबक काढूनच टाकला.

आता छोट्या कॅसेटी, फोटो जोडला आहे. मोठ्या व्हीसीआरमध्ये घालायला अडॅप्टर मिळतो असं कोणीतरी म्हणालं. तापकीर गल्लीत विचारलं, नाही मिळाला.

तंत्रज्ञ_निनाद | १९ जून, रात्री ९:५२

अडॅप्टर फक्त व्हीएचएस-सी या छोट्या कॅसेटचा असतो, कारण तिच्यात टेप तीच अर्धा इंची असते. तुमच्या फोटोत मला 'हाय ८' लिहिलेलं दिसतंय. ती टेप ८ मिलिमीटरची, तिला त्याच जातीचा कॅमेराच लागतो. सोनीचे डिजिटल ८ प्रकारचे बरेच कॅमेरे या जुन्या कॅसेटी चालवतात आणि फायरवायर नावाच्या जोडणीने थेट डिजिटल चित्र देतात, तासाला १३ जीबी. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं, त्यासाठी माझा जुना संगणक आहे. कॅमेरा कोणाकडे आहे का?

पेठकर | १९ जून, रात्री १०:२०

माझ्याकडे आहे, डिजिटल ८ चाच. बॅटरी गेली आहे, पण विजेच्या अडॅप्टरवर चालतो. निनाद, रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे या, रेवाताईंनाही घेऊन या. आधी माझी एखादी बिनकामाची कॅसेट लावून बघू, मगच त्यांची.

टेपदुरुस्ती | १९ जून, रात्री १०:३१

मीही येतो. शॅमॉय आणतो.